गोळी घेऊन प्रार्थना करणाऱ्याला अविश्वासू म्हणू नका : मंडळीचा (चर्चचा) कारभार पाहणाऱ्या आमच्या पास्टरेट कमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पास्टरेट कमिटीचे सन्माननीय सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व सभासद,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सप्रेम सलाम.

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी उपासनेच्या शेवटी, आशीर्वादापूर्वी, दोन सूचना वाचून दाखवण्यात आल्या. पहिली अशी, की बुधवारची प्रार्थनासभा यापुढे ‘चंगाई व आशीर्वाद सभा’, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा, म्हणून भरेल आणि बाहेरून येणारे एक सुवार्तिक ती चालवतील. दुसरी अशी, की मंडळीचा आजारी साहाय्य निधी या सभांच्या खात्यात वर्ग करण्यात आला आहे, कारण जिथे चंगाई आहे तिथे दवाखान्याच्या खर्चाची तरतूद करणे हे अविश्वासाचे लक्षण आहे. यांपैकी एकही निर्णय वार्षिक सभेपुढे आला नव्हता. मी सेक्रेटरींना लेखी पत्र दिले, नंतर पाळकसाहेबांना घरी जाऊन भेटले, आणि दोन्हीकडे मला “बाई, विश्वास ठेवा” एवढेच उत्तर मिळाले. विश्वास ठेवते म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

ते सर्वांसमोर का लिहिले, हे आधी सांगणे मला आवश्यक वाटते. सध्याच्या दिवसांत ख्रिस्ती माणसाच्या प्रार्थनेकडेही संशयाने पाहिले जाते, तेव्हा घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये, असे मला जवळच्या माणसांनी कळकळीने सांगितले. त्यांची भीती खोटी नाही. परंतु हीच शिकवण आजूबाजूच्या कितीतरी मंडळ्यांत शिरली आहे, तिच्यामुळे माणसांच्या जिवाला धोका आहे, आणि जे आजारी आहेत त्यांना वार्षिक सभेची वाट पाहण्याइतका वेळ नाही. मी आपल्या मंडळीचे किंवा कोणा व्यक्तीचे नाव येथे घेतलेले नाही व घेणारही नाही. ज्यांना हे पत्र लागू पडते त्यांनी ते आपल्यासाठी समजावे.

मी निवृत्त परिचारिका आहे. माझी बहुतेक नोकरी मिशन दवाखान्यांत झाली, जिथे दिवसाची सुरुवात वॉर्डातल्या भजनाने होत असे आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर रुग्णाचा हात धरून प्रार्थना करत. प्रार्थना झाली की तेच डॉक्टर हात स्वच्छ धुऊन आत जात. या दोन कृतींमध्ये काही विरोध आहे असे तिथे कोणाच्या मनातही आले नाही. माझे यजमान शिक्षक होते. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि शेवटची काही वर्षे डायलिसिसवर गेली. आपल्या मंडळीने त्यांच्यासाठी पुष्कळ प्रार्थना केली, त्याबद्दलची माझी कृतज्ञता या पत्राने कमी होत नाही. ते बरे झाले नाहीत. दफनानंतर घरात माणसे बसलेली असताना बाहेरगावच्या एका प्रचारकांनी, माझ्या मुलांच्या देखत, असे सांगितले की या घरात कुठेतरी लपलेला अविश्वास असला पाहिजे, नाहीतर इतक्या प्रार्थना वाया गेल्या नसत्या. कोणीही त्यांना थांबवले नाही. त्या दिवशी जे एका माणसाच्या तोंडून निघाले तेच आता मंडळीचे अधिकृत धोरण होऊ पाहत आहे, आणि माझ्या हरकतीचे मूळ इथे आहे.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करते. देव आजही बरे करतो असे मी मानते. डॉक्टरांनी आशा सोडलेली माणसे उठून घरी गेलेली मी पाहिली आहेत आणि त्या वेळी वॉर्डात आम्ही गुडघे टेकले आहेत. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडीलजनांनी आजाऱ्याच्या घरी जावे, त्याला तेल लावावे व प्रार्थना करावी, हे मला हवे आहे. किंबहुना ते पुरेसे होत नाही ही माझी जुनी तक्रार आहे. माझा विरोध प्रार्थनेला नसून देवावरच्या भरवशाला आजाऱ्याने द्यावयाची परीक्षा बनवण्याला आहे, कारण तिच्यात नापास होणारा नेहमी आजारीच असतो आणि परीक्षा घेणाऱ्याला कधी कोणी जाब विचारत नाही.

९१ वे स्तोत्र आपल्या घराघरांत भिंतीवर लावलेले आहे. संकटात देव राखतो, त्याचे दूत आपल्याला हातांवर झेलतात, हे त्या स्तोत्राचे वचन मुलांना तोंडपाठ असते. परंतु मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तेच वचन सैतानाच्या तोंडी आहे, हे आपण उपदेशात किती वेळा सांगतो? मंदिराच्या टोकावर प्रभूला उभे करून तो म्हणतो की देवावर भरवसा असेल तर खाली उडी टाक, शास्त्रात लिहिलेच आहे. प्रभूने उडी टाकली नाही. आपल्या देवाची परीक्षा पाहू नये, असे उत्तर त्याने दिले. ज्याचा पित्यावरचा भरवसा सर्वांत पूर्ण होता त्यानेच उडी नाकारली. आज आपल्या बुधवारच्या सभेत फिट येणाऱ्या मुलाला गोळ्या बंद करून ‘विश्वासाचे पाऊल’ टाकायला सांगितले जाते, तेव्हा त्याला त्याच टोकावर उभे केले जात आहे.

हे मी अनुमानाने लिहीत नाही. आपल्याच मंडळीतल्या एका तरुणाने सभेनंतर फेफऱ्याच्या गोळ्या थांबवल्या. त्याला आठवडेच्या आठवडे काही झाले नाही, आपण बरे झालो अशी त्याची साक्ष झाली, लोकांनी हालेलुया म्हटले. पुढे एका पहाटे त्याला लागोपाठ झटके येऊ लागले, ते थांबेनात, आणि शेवटी अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. देवाच्या दयेने तो वाचला. त्याची साक्ष ज्या व्यासपीठावरून झाली त्याच व्यासपीठावरून त्याच्यासाठी प्रार्थनेची विनंतीसुद्धा वाचली गेली नाही.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार औषधांविषयी आहे, आणि इथे मी परिचारिका म्हणून बोलते. काही आजारांचा स्वभावच असा असतो की औषध सोडणाऱ्याला काही दिवस आपण बरे झालो असे वाटते. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. साधारण सहा महिन्यांचा उपचार असतो, पण ताप आणि खोकला बहुधा काही आठवड्यांतच उतरतो, भूक लागते, वजन वाढते. नेमक्या याच टप्प्यावर माणूस सभेला जातो आणि साक्ष देतो, आणि ती साक्ष तो मनापासून देतो, त्यात खोटेपणा नसतो. जंतू मात्र शरीरात शिल्लक असतात. औषध अर्धवट सुटले की आजार परत येऊ शकतो आणि पुष्कळदा पहिल्या औषधांना जुमानत नाही, मग उपचार लांबतो, अवघड होतो, आणि घरातल्या लेकरांनाही तोच हट्टी आजार लागू शकतो. रक्तदाबाचे याहून फसवे. तो वाढलेला असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे गोळी सोडली तरी माणूस “मला तर काही होत नाही” असे खुशाल सांगतो, आणि अर्धांगवायूचा झटका येतो तेव्हा सभा कधीच पुढच्या गावी गेलेली असते. बालवयात मधुमेह झालेल्या मुलाचे इन्सुलिन बंद केले तर थोड्याच दिवसांत त्याच्या जिवावर बेतते. मानसिक आजाराच्या गोळ्यांविषयी तर सभेत जे बोलले जाते ते येथे लिहिण्याचीही मला लाज वाटते. दुःखाने खचलेल्या बाईला भूत लागले आहे असे चारचौघांत सांगणे हा तिच्यावरचा दुसरा आघात आहे.

इन्सुलिनविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९२२ साली टोरांटोमध्ये एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशा मुलांच्या आया त्यांच्या उशाशी बसून त्यांचे झिजणे पाहत आणि देवाकडे त्यांचा जीव मागत. त्या मागण्यांचे उत्तर म्हणून देवाने ती कुपी दिली नाही, असे कोणत्या अधिकाराने म्हणायचे? पवित्र शास्त्र तर तसे म्हणत नाही. हिज्कीया राजा भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवले, आणि त्याच अध्यायात, यशयाच्या अडतिसाव्यात, त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले आहे. प्रेषित पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे, तरी तोच पौल आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे गेला, आपल्या तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि त्याच्या प्रवासात त्याच्याबरोबर लूक नावाचा वैद्य होता. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही. पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणणारा उपदेशक आपल्या व्यासपीठावर चालेल का?

दुसरी तक्रार दोष लावण्याविषयी आहे. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांहून जास्त पापी होती का, हा प्रश्नही त्याने स्वतःच उपस्थित करून स्वतःच नाकारला. निर्दोष असून दुःखात पडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केले होते आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग त्यांच्यावर भडकला, राखेत बसून देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही. एवढे स्पष्ट लिहिलेले असताना आपल्याकडे कर्करोग झालेल्या भगिनीला तिच्या घरातली ‘शापाची साखळी’ शोधायला लावली जाते. ती बाई केमोथेरपीने खंगलेली आहे. केस गेलेल्या डोक्यावर पदर घेऊन ती अजूनही उपासनेला येते आणि मागच्या बाकावर बसते, कारण पुढे बसले की लोक विचारतात. माझ्या मते आपल्या मंडळीत या घडीला देवावरचा भरवसा कोणाला पाहायचा असेल तर त्याने मागच्या बाकाकडे पाहावे.

याच संदर्भात मार्काच्या दुसऱ्या अध्यायाकडे मी कमिटीचे लक्ष वेधते. पक्षाघात झालेल्याला चौघांनी छपरातून खाली सोडले आणि प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, म्हणजे खाट उचलणाऱ्यांचासुद्धा. खाटेवरच्या माणसाला कोणी प्रश्न विचारले नाहीत. मंडळीचे काम खाटेचे चार कोपरे धरण्याचे आहे. आपण खाट खाली ठेवून रुग्णाला उठून दाखव म्हणत आहोत.

तिसरी तक्रार मला सर्वांत जड वाटते, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. या शिकवणीमुळे मरणाऱ्या माणसाला निरोप घेता येत नाही. ‘नकारात्मक कबुली’ देऊ नका, आजाराचे नाव घेऊ नका, मरणाचा उच्चार करू नका, तसे केले तर आशीर्वाद अडतो, असे सांगितल्यामुळे घरातली माणसे शेवटपर्यंत हसऱ्या चेहऱ्याने “तुम्ही बरे झालाच आहात” म्हणत राहतात. रुग्णाला कळत असते. मी अनेकांच्या उशाशी रात्री काढल्या आहेत, आणि अनुभवाने सांगते की बहुतेकांना कळत असते. त्याला मुलीला काही सांगायचे असते, भावाशी तुटलेले बोलणे जोडायचे असते, जमिनीच्या कागदांविषयी बोलायचे असते, भीती वाटते एवढेच कोणाला तरी म्हणायचे असते. पण तो बोलू लागला की सगळे त्याला गप्प करतात, आणि तो एकटा मरतो, भरल्या घरात. पुनरुत्थानावर विश्वास असलेल्या लोकांच्या घरी असे व्हावे, याहून मोठी उलटापालट मला ठाऊक नाही.

माझ्या यजमानांना निरोप घेण्याचे भाग्य लाभले होते, कारण त्या काळी आपल्या मंडळीत ही बंदी नव्हती. डायलिसिसला जाताना एसटीत ते खिडकीशी बसून शेते पाहत. कोणाचा कांदा काढणीला आला, कोणाची बाजरी करपली, हे मला सांगत आणि त्या शेतकऱ्यांसाठी तिथेच हळू आवाजात प्रार्थना करत. स्वतःसाठी ते दिवसापुरते मागत. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर आजचीच मागितली आहे आणि रानात देवाने दिलेले अन्न, म्हणजे मान्नाही, एका दिवसापुरताच पडत असे, त्यामुळे आपणही एवढेच मागावे, असे त्यांचे म्हणणे होते. डायलिसिस चालू असताना ते यंत्राजवळच्या मुलाची विचारपूस करत आणि औषधांचा हिशेब वहीत लिहीत. शेवटच्या वर्षी त्यांनी बँकेची पासबुके माझ्या हाती दिली, कोणाचे देणे आहे ते सांगितले, दफनाच्या वेळी कोणती गीते म्हणायची ती निवडली, आणि मुलांना जवळ बसवून आशीर्वाद दिला. ते बरे होण्यासाठी प्रार्थना करतच राहिले, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. भट्टीपुढे उभ्या असलेल्या शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांनी राजाला सांगितले होते की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने तसे केले नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. माझ्या घरात तो ‘तरीही’ मी रोज पाहिला आहे. त्या घरात लपलेला अविश्वास होता असे म्हणणाऱ्यांना मी क्षमा केली आहे, परंतु तशी शिकवण मंडळीत रुजू देणे मला शक्य नाही.

चौथी तक्रार पैशांची. सभेत ‘बीज अर्पण’ घेतले जाते आणि जितके पेराल त्याच्या शंभरपट उगवेल असे सांगितले जाते. तेलाच्या लहान बाटल्या ‘स्वेच्छा दान’ घेऊन दिल्या जातात. रोजाने खुरपायला जाणाऱ्या बायकांनी आठवड्याची मजुरी तिथे टाकलेली मी पाहिली आहे, आणि त्यांपैकी एकीच्या घरात त्या आठवड्यात किराणा उधारीवर आला. अलीशा संदेष्ट्याने कोड झालेल्या सेनापती नामानाला बरे केल्यावर त्याच्याकडून काहीही घ्यायला ठाम नकार दिला. त्याचा चाकर गेहजी मागे धावत गेला आणि रुपे व कपडे मागून आणले, आणि नामानाचा कोड गेहजीला लागला. ही कथा आपल्या शब्बाथ शाळेतली मुले चित्रांसह शिकतात. बुधवारच्या सभांचा जमाखर्च आजपर्यंत मंडळीला दाखवण्यात आलेला नाही.

पाचवी तक्रार साहाय्य निधीची. हा निधी आपल्या आजी-आजोबांनी मूठ मूठ धान्य बाजूला काढून, त्याच्या विक्रीतून उभा केला होता. त्यातून बाळंतपणे झाली, चष्मे आले, सरकारी दवाखान्यात जाण्याचे भाडे दिले गेले. आद्य मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपात हयगय झाली तेव्हा प्रेषितांनी सात माणसे नेमली. वाटप बंद करून विधवांना विश्वास ठेवायला सांगितले नाही. उघड्या-उपाशी भावाला “सुखाने जा, ऊब घ्या” म्हणून रिकाम्या हाताने पाठवणाऱ्याच्या विश्वासाला याकोब काय म्हणतो, ते कमिटीतल्या प्रत्येकाला पाठ आहे.

जाहिरातीविषयी थोडक्यात सांगते. सभेच्या पत्रकावर मंडळीचे नाव आहे आणि त्याखाली मधुमेह, कर्करोग, फेफरे असे आजार बरे होतील असे छापले आहे. अशा आजारांवरच्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केलेली आहे. मी पोलिसांकडे जाण्याच्या विचाराची नाही, पण आपण कोणत्या कागदावर मंडळीचे नाव घालत आहोत, हे कमिटीने जाणून असावे.

औषधपाणी, हिशेब आणि तरतूद हे सगळे ‘जगाचे’ आहे आणि श्रद्धावान पूर्वज असे नव्हते, असे सभेत वारंवार ऐकवले जाते. आपले पूर्वज कोण होते, हे विसरले गेले आहे म्हणून असे बोलता येते. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन चालवले ते देवाच्या भरवशावर, याविषयी कोणाचे दुमत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, तेव्हा पुण्यात प्लेगची साथ होती आणि त्यांना ठेवायला धड छप्परही नव्हते. रमाबाईंनी गुडघे टेकले आणि विहिरीही खणवल्या. शेती उभी केली, विणकाम सुरू केले, छापखाना घातला, मुलींना हाताला काम शिकवले. ज्या बाईने आपले आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावले होते तिला अन्नाची तरतूद म्हणजे अविश्वास, असे कोणी शिकवू शकले नसते. १९२१ मध्ये त्यांची एकुलती लेक मनोरमा त्यांच्याआधी गेली. लेकीसाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल का? त्यानंतरही त्या मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पुरे करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. या आयुष्यातल्या कोणत्या पानावर चंगाई सभेचे पत्रक बसते, ते मला दाखवावे.

आणि मिरज? डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये सुवार्तेसाठी भारतात आले, आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेला दवाखाना उभारला. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ख्रिस्ती माणूस म्हणजे कोण, हे लोकांना आधी दवाखान्यातून कळले. आपल्या मंडळीतल्या निम्म्या घरांत आजी, मावशी किंवा काकू परिचारिका होती. त्या सगळ्या बायकांनी पगारी अविश्वास केला, असे आपल्या नव्या धोरणाचे म्हणणे आहे का? मला याचे उत्तर लेखी हवे आहे.

देवावर रोजच्या जगण्यात भरवसा ठेवणे म्हणजे काय, हे मला सभेतल्या गर्जनेपेक्षा साध्या माणसांकडून कळले आहे. पावसाचा भरवसा नसताना बियाणे मातीत घालणारा आपला शेतकरी बंधू प्रार्थना करून पेरतो आणि पीक विम्याचा अर्जही भरतो. मुलगा दारूच्या नादी लागलेली आई रोज त्याचे ताट झाकून ठेवते, त्याच्यासाठी रडते आणि व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता उशाखाली ठेवते. सकाळी न्याहारीनंतर रक्तदाबाची गोळी हातावर घेऊन “प्रभू, तुझे आभार” म्हणणाऱ्या आजीबाई आपल्या मंडळीत आहेत. या माणसांना मोठी साक्ष नाही, त्यांना ध्वनिक्षेपक मिळत नाही. साक्षीची वेळ फक्त बरे झालेल्यांसाठी आहे, आणि जे बरे न होता टिकून राहिले त्यांच्यासाठी आपल्या उपासनेत जागाच उरलेली नाही. स्तोत्रसंहितेत मात्र ती जागा आहे. ८८ वे स्तोत्र अंधारात संपते आणि तरी ते स्तोत्रच आहे.

आता माझ्या मागण्या.

पुढच्या रविवारी व्यासपीठावरून, पाळकसाहेबांनी स्वतः, स्पष्ट शब्दांत सांगावे की डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणीही औषध, इन्सुलिन, केमोथेरपी किंवा डायलिसिस थांबवू नये, आणि औषध घेणे हे विश्वासाविरुद्ध नाही. ही सूचना बुधवारच्या सभेतही दर वेळी वाचली जावी. ज्यांनी औषधे थांबवली आहेत त्यांच्या घरी कमिटीच्या सभासदांनी या आठवड्यातच जावे. हे बाकी कशासाठीही थांबवू नये.

आजारी साहाय्य निधी पूर्ववत वेगळ्या खात्यात आणावा आणि सभांच्या खात्यात गेलेली रक्कम परत करावी. सभांच्या जमाखर्चाचा तक्ता सूचनाफलकावर लावावा. बीज अर्पण आणि तेलाच्या बाटल्या बंद कराव्यात. पत्रकांवरून आजारांची नावे आणि मंडळीचे नाव काढावे.

कोणाच्याही आजाराचे, अपंगत्वाचे, वांझपणाचे किंवा मरणाचे कारण म्हणून त्या माणसाचे पाप वा अविश्वास दाखवणे आपल्या व्यासपीठावर चालणार नाही, असा ठराव कमिटीने करावा आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वक्त्याला तो आधी दाखवावा. आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असेल तर त्याची संमती विचारावी आणि त्याचे दुखणे ध्वनिक्षेपकावर सांगू नये. तेलाचा अभ्यंग पवित्र शास्त्राप्रमाणे मंडळीच्या वडीलजनांनी, घरी, शांतपणे करावा.

महिन्यातून एका उपासनेत साक्षीची वेळ अशा बंधुभगिनींना द्यावी जे अजून आजारी आहेत, ज्यांचे माणूस गेले आहे, ज्यांची मागणी अपुरी राहिली आहे. त्यांना काय बोलायचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे. बोलायचे नसेल तर मंडळीने त्यांच्याबरोबर उभे राहून एक विलापाचे स्तोत्र वाचावे.

शेवटची मागणी कामाची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणते कागद लागतात, कोणत्या रुग्णालयात जावे, क्षयरोग्याला सरकारी औषध आणि पोषणासाठीचे अनुदान कसे मिळते, हे आपल्या खेड्यांवरच्या अनेक घरांना ठाऊक नाही. उपासनेनंतर चर्चच्या व्हरांड्यात तासभर कोणीतरी बसून ही माहिती द्यावी आणि अर्ज भरून द्यावेत. मी बसायला तयार आहे. आपल्या मंडळीतल्या आणखी दोन निवृत्त भगिनींनीही तयारी दाखवली आहे. आम्हाला एक टेबल आणि रेशनकार्ड-आधारच्या झेरॉक्सपुरता खर्च लागेल. तो निधीतून द्यावा ही विनंती. निधी परत येईपर्यंत आम्ही तो आपसांत भागवू.

हे पत्र मी कमिटीकडे रीतसर नोंदवूनही दिले आहे. पुढच्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते घ्यावे आणि मला हजर राहून बोलू द्यावे. बुधवारच्या सभेत मी आता येत नाही, परंतु रविवारच्या उपासनेत आणि प्रभुभोजनात मी नेहमीप्रमाणे असेन, आणि पाळकसाहेबांसाठी व आपणा सर्वांसाठी माझी रोजची प्रार्थना चालू आहे.

प्रभूमध्ये आपली भगिनी,
मंडळीची एक सभासद व निवृत्त परिचारिका